सीडी बेबी

सीडी बेबी ही स्वतंत्र संगीतकारांनी स्वखर्चाने प्रकाशित केलेल्या संगीताचे वितरण करणारी अमेरिकन कंपनी आहे. डेरेक सिव्हर्स या संगीतकाराने १९९८ साली न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक या गावी तिची स्थापना केली. पुढे तिचे कामकाज ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात हलवण्यात आले. कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीशी करारबद्ध नसलेल्या कलावंतांच्या सीडी आंतरजालावरून विकणारे दुकान म्हणून ती प्रथम प्रसिद्धीस आली. डिजिटल वितरणाच्या काळात तिच्या कामाचे स्वरूप पालटले. २०२० साली तिचे दुकान बंद झाले आणि २०२३ साली तिने सीडीचे वितरणही थांबवले.

पार्श्वभूमी

सीडी १९८२ साली बाजारात आली. सुरुवातीला तिचे उत्पादन खर्चिक होते. परंतु १९९०च्या दशकात ते इतके स्वस्त झाले की एखादा गायक किंवा वाद्यवृंद स्वतःच्या पैशांतून हजारभर प्रती काढू शकत असे. अॅनी डिफ्रँको या गायिकेने १९९० साली ‘राइचस बेब रेकॉर्ड्‌स’ ही स्वतःची संस्था काढून, मोठ्या कंपन्यांचा आधार न घेता ध्वनिमुद्रिका प्रकाशित करता येतात हे दाखवून दिले.

निर्मिती सुलभ झाली तरी विक्रीचा मार्ग मात्र अरुंदच राहिला. दुकानांपर्यंत माल पोहोचवणारे वितरक प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांचे काम करीत. एकट्यादुकट्या कलावंताची सीडी त्यांनी स्वीकारलीच, तर पैसे मिळण्यास दीर्घकाळ लागे आणि पहिल्या काही आठवड्यांत खप झाला नाही तर ती यादीतून काढून टाकली जाई. मोठ्या कंपनीशी करार झाल्यास ध्वनिमुद्रणाचे हक्क बहुधा कंपनीकडे जात. कलावंताची रॉयल्टी हा विक्रीच्या रकमेचा एक लहान भाग असे आणि आगाऊ दिलेली रक्कम वसूल झाल्यावरच ती हाती पडत असे. त्यामुळे बहुतेक स्वतंत्र कलावंतांची विक्री कार्यक्रमाच्या ठिकाणी मांडलेल्या टेबलापुरती मर्यादित राही.

स्थापना

सिव्हर्स यांना १९९७ साली स्वतःची सीडी आंतरजालावर विकावयाची होती. त्या काळी पेपाल अस्तित्वात नव्हते. क्रेडिट कार्डाने पैसे स्वीकारण्यासाठी बँकेकडे व्यापारी खाते उघडावे लागे. सिव्हर्स यांच्या कथनानुसार त्यासाठी सुमारे १,००० डॉलर खर्च आला आणि कागदपत्रे पूर्ण होण्यास तीन महिने लागले. संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यास ते स्वतःच शिकले व आपल्या संकेतस्थळावर त्यांनी खरेदीची सोय केली. ती पाहून परिचित संगीतकारांनी आपल्याही सीडी तेथे ठेवण्याची विनंती केली. मित्रांसाठी केलेल्या या सोयीतून १९९८ साली सीडी बेबी हे स्वतंत्र दुकान उभे राहिले.

व्यवसायाची आखणी करताना सिव्हर्स यांनी वितरकाकडून संगीतकाराला काय हवे असते याचा विचार करून चार तत्त्वे ठरवली :

१. विक्रीचे पैसे दर आठवड्याला मिळावेत.
२. सीडी विकत घेणाऱ्या प्रत्येकाचे नाव व पत्ता संगीतकाराला कळावा. कारण तो ग्राहक मूलतः संगीतकाराचा असतो, दुकानाचा नव्हे.
३. खप कमी आहे या कारणाने कोणाचीही सीडी काढून टाकू नये. पाच वर्षांत एकच प्रत खपली तरी चालेल.
४. पैसे घेऊन कोणालाही ठळक जागा देऊ नये.

कार्यपद्धती

प्रत्येक अल्बमच्या नोंदणीसाठी एकदाच ३५ डॉलर शुल्क आकारले जाई. सीडीची किंमत संगीतकार स्वतः ठरवी आणि प्रत्येक विक्रीमागे कंपनी ४ डॉलर ठेवून घेई. ही रक्कम कोणत्याही हिशेबाच्या गणितातून आलेली नव्हती. वुडस्टॉकमधील सीडीचे दुकान स्थानिक कलावंतांची सीडी विक्रीसाठी ठेवून घेताना तेवढेच पैसे कापून घेते, असे समजल्यावर सिव्हर्स यांनी तोच दर स्वीकारला. म्हणजे १५ डॉलरच्या सीडीमागे संगीतकाराला ११ डॉलर मिळत. अर्थात ध्वनिमुद्रणाचा व छपाईचा खर्च त्याने आधीच सोसलेला असे.

करार अनन्य स्वरूपाचा नव्हता. ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क संगीतकाराकडेच राहत आणि त्याला तीच सीडी अन्यत्रही विकता येई. संगीतकार आरंभी पाच प्रती पाठवी. त्या संपत आल्या की आणखी मागवल्या जात. प्रती कंपनीच्या गोदामात राहत व मागणी येताच ग्राहकाला टपालाने रवाना होत. बारकोड नसलेल्यांना अल्प शुल्कात तो मिळवून दिला जाई. बारकोडमुळे विक्रीची नोंद ‘साउंडस्कॅन’ या अमेरिकेतील विक्रीमापन व्यवस्थेत होऊ शके. एरवी अशी विक्री अधिकृत आकडेवारीत दिसतच नसे.

संकेतस्थळावर प्रत्येक अल्बमचे स्वतंत्र पान असून गाण्यांचे अंश ऐकण्याची सोय होती. अनोळखी कलावंताचे संगीत ग्राहकाने कसे शोधावे, या अडचणीवर उपाय म्हणून एखाद्या विख्यात गायकाशी साधर्म्य असलेले संगीत शोधण्याची सोयही देण्यात आली. सीडी रवाना झाल्याचे कळवणारे कंपनीचे विनोदी पत्र ग्राहकांमध्ये विशेष लोकप्रिय झाले.

डिजिटल वितरण

अॅपलने एप्रिल २००३ मध्ये ‘आयट्यून्स म्युझिक स्टोअर’ सुरू केले. त्यानंतर काही आठवड्यांतच स्वतंत्र संगीताच्या क्षेत्रातील व्यक्तींना अॅपलच्या मुख्यालयात पाचारण करण्यात आले. त्यांत सिव्हर्सही होते. परतल्यावर त्यांनी संगीतकारांना आयट्यून्सवर विक्रीचे आश्वासन दिले व त्यासाठी प्रत्येकी ४० डॉलर शुल्क घेतले. मात्र अॅपलकडून करारपत्र अनेक महिने आले नाही. अखेर, ज्या गोष्टीवर आपले नियंत्रण नाही तिचे आश्वासन द्यावयास नको होते, असे मान्य करून सिव्हर्स यांनी सुमारे ५,००० संगीतकारांचे मिळून २ लाख डॉलर परत केले. करारपत्र त्याच्या दुसऱ्याच दिवशी आले, असे त्यांनी ‘एनिथिंग यू वॉन्ट’ (२०११) या पुस्तकात नमूद केले आहे.

डिजिटल विक्रीतून कंपनी ९ टक्के वाटा घेऊ लागली. हक्क संगीतकाराकडेच राहिले आणि साप्ताहिक हिशेबाची पद्धतही टिकली. परंतु किंमत ठरवण्याचा अधिकार संगीतकाराच्या हातून गेला. आयट्यून्सवर आरंभी प्रत्येक गाण्याचा दर ९९ सेंट असाच ठरलेला होता. तसेच खरेदीदाराचे नाव व पत्ता डिजिटल दुकानाकडेच राहू लागला. अशा रीतीने चार तत्त्वांपैकी दुसरे तत्त्व नव्या व्यवस्थेत पाळणे कंपनीला शक्य राहिले नाही.

मालकीतील बदल

सिव्हर्स यांनी २००८ साली ही कंपनी ‘डिस्क मेकर्स’ या सीडी-उत्पादक कंपनीला २ कोटी २० लाख डॉलरना विकली. तोपर्यंत दीड लाखांहून अधिक संगीतकारांच्या संगीताची मिळून १० कोटी डॉलरहून अधिक विक्री झाली होती. विक्रीपूर्वीच त्यांनी कंपनीची मालकी एका धर्मादाय न्यासाकडे सोपवली होती. हयातीत त्यांना या न्यासाकडून दरसाल ५ टक्के रक्कम मिळते व त्यांच्या पश्चात उर्वरित निधी संगीत-शिक्षणासाठी खर्च व्हावयाचा आहे. २०१९ साली सीडी बेबी ‘डाउनटाउन’ या संगीतक्षेत्रातील उद्योगसमूहाच्या मालकीची झाली. डिस्क मेकर्स ही उत्पादक कंपनी मात्र या व्यवहारातून वेगळी राहिली.

सीडीविक्रीचा शेवट

डाउनलोड व त्यानंतर स्ट्रीमिंग यांचा प्रसार झाल्यावर सीडीचा खप घटत गेला. सीडी बेबीचे आंतरजालावरील दुकान मार्च २०२०च्या अखेरीस बंद झाले. इतर दुकानांना सीडी व विनाइल तबकड्या पुरवण्याचे काम त्यानंतर काही काळ चालू होते. २०२३ साली तेही थांबवण्यात आले. नावात सीडी असलेली ही कंपनी तेव्हापासून केवळ डिजिटल वितरण व हक्कांशी संबंधित सेवा पुरवते.

महत्त्व

निवड न करता सर्वांना प्रवेश देण्याच्या धोरणामुळे फारच थोड्या प्रती खपणाऱ्या असंख्य अल्बमांनाही येथे स्थान मिळाले. एवढ्या मोठ्या संग्रहात नवोदिताकडे लक्ष वेधले जाणे कठीण होते आणि प्रसिद्धीचा भार संगीतकारावरच राही, ही या पद्धतीची मर्यादा होती. तथापि हक्क न गमावता वितरण मिळू शकते, हे सीडी बेबीने मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले. पुढे ट्यूनकोरसारख्या सेवांनीही हक्क कलावंताकडे ठेवूनच वितरण केले. २००८ साली सुरू झालेल्या ‘बँडकॅम्प’वर संगीतकार सीडीची किंमत स्वतः ठरवतो, प्रती स्वतः टपालाने पाठवतो आणि त्यामुळे खरेदीदाराचे नाव व पत्ता पुन्हा त्याच्याकडे येतो.