स्पंजची बॅट आणि तिघांचा चषक : मुंबई, १९५२

१९५२ हे वर्ष कोल्हापूरला हेलसिंकीमुळे ठाऊक आहे. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले आणि खाशाबा जाधव फिनलंडला पोहोचले. बँटमवेट गटातील त्यांचे कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच गटातील सुवर्ण कोणी नेले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ते जपानच्या शोहाची इशीने नेले, आणि संपूर्ण हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या वाट्याला आलेले ते एकमेव सुवर्ण होते.

महायुद्धात हरलेल्या जपानला १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचे दार बंद होते. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत तो देश पुन्हा मैदानात दिसला. आणि हेलसिंकीच्या पाच महिने आधी, १ ते १० फेब्रुवारी १९५२ या काळात, जपानी खेळाडूंनी जगाला पहिला मोठा धक्का दिला तो मुंबईत. खेळ होता टेबल टेनिस.

चर्चगेटजवळचे ब्रेबॉर्न स्टेडियम एरवी क्रिकेटचे. तिथे जागतिक टेबल टेनिस अजिंक्यपद स्पर्धा भरली. ही स्पर्धा आशिया खंडात होण्याची ती पहिलीच वेळ. देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून पुरती आटोपली नव्हती. जपान तर कायद्याच्या दृष्टीने तेव्हाही परकीय ताब्यातच होता, कारण सॅन फ्रान्सिस्को तह अमलात आला २८ एप्रिलला. भारताने त्या तहावर सही करण्याचे नाकारले होते; जपानशी त्याने स्वतंत्र तह केला तो ९ जून १९५२ रोजी. म्हणजे यजमान आणि पाहुणा यांच्यात औपचारिक शांतता होण्यापूर्वीच हे खेळाडू मुंबईच्या टेबलांवर खेळून परतलेही होते.

स्पर्धेचा मानबिंदू होता पुरुषांचा सांघिक किताब, अर्थात स्वेथलिंग चषक. आयव्हर मॉन्टेग्यू नावाच्या इंग्रज तरुणाने वयाच्या बाविसाव्या वर्षी, १९२६ मध्ये, आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ उभा केला. वडील बँकर आणि उमराव, मुलगा साम्यवादी. पुढे तो आल्फ्रेड हिचकॉकबरोबर चित्रपटांतही रमला. चषक दिला त्याच्या आईने, लेडी स्वेथलिंग यांनी. संस्थापक देशांत भारत होता आणि १९२६ च्या लंडनमधील पहिल्या स्पर्धेत भारताचा संघ उतरलाही होता, हे आज अनेक क्रीडाप्रेमींनाही ठाऊक नसते.

या चषकाची रचना समजून घेतल्याशिवाय मुंबईत काय घडले ते उलगडत नाही. प्रत्येक देशाचे तीन खेळाडू. एका संघातील प्रत्येकाने दुसऱ्या संघातील तिघांशीही खेळायचे. एकूण नऊ एकेरी लढती. पाच आधी जिंकेल तो संघ विजयी. दुहेरी नाहीच. आता गणित करून पाहावे. एखाद्या संघात साक्षात अजिंक्य वीर असला तरी तो तीनच लढती जिंकून देऊ शकतो. उरलेल्या दोन त्याच्या साथीदारांनी आणायच्या. कुस्तीच्या फडात एक मल्ल गावाची लाज राखू शकतो. स्वेथलिंग चषकात ते शक्य नव्हते.

जपानच्या संघात तसा एक वीर होता, पण स्पर्धा सुरू होण्यापूर्वी त्याला वीर म्हणायला कोणी धजले नसते. हिरोजी सातो : सडपातळ बांध्याचा, चष्मा लावणारा, लेखणी धरावी तशी बॅट धरणारा. त्याच्याच देशात नोरिकाझु फुजीचा लौकिक त्याच्याहून मोठा होता. सातोचे वेगळेपण हातातल्या बॅटमध्ये होते. त्या काळी सगळे जग लाकडावर उंचवट्यांचे पातळ रबर चिकटवून खेळत असे. सातोच्या बॅटवर जाड स्पंज होता.

आजच्या खेळाडूला त्यात नवल वाटणार नाही. तेव्हाच्या खेळाडूंचे मात्र अर्धे ज्ञान कानांत होते. उंचवट्यांच्या रबरावर चेंडू आपटला की टक्क असा आवाज येई. फटका किती जोराचा आहे, त्याला फिरकी दिली आहे की नाही, याचा अंदाज डोळ्यांच्या जोडीने त्या आवाजावरूनही बांधला जाई. स्पंजने तो आवाज गिळून टाकला. चेंडू निःशब्दपणे आत रुते आणि अनपेक्षित वेगाने बाहेर पडे. प्रतिस्पर्ध्याने दिलेली फिरकीही भलत्याच रूपात परत येई. वर्षानुवर्षांच्या सरावाने शरीरात मुरलेला ठेका त्या टेबलावर निरुपयोगी ठरला. एकेरीत किताबाची स्वप्ने पाहत आलेला न्यूयॉर्कचा मार्टी रीझमन सातोकडून हरला, आणि ती हार त्याला आयुष्यभर बोचली. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला नमवून सातो जगज्जेता झाला.

असे असूनही स्वेथलिंग चषक जपानला मिळाला नाही. तो हंगेरीने जिंकला.

फेरेंत्स शिदो, कोत्सियान आणि काल्मान सेपेशी यांच्या हंगेरीने अंतिम लढतीत इंग्लंडला हरवले. इंग्लंडकडे गतविजेता जॉनी लीच होता, चार वेळचा जगज्जेता रिचर्ड बर्गमन होता. बर्गमन मूळचा व्हिएन्नाचा ज्यू. नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्याने इंग्लंड गाठले होते. आधीच्या दोन वर्षांत हंगेरीला चेकोस्लोव्हाकियाकडून अंतिम फेरीत पराभव पत्करावा लागला होता. त्यामुळे मुंबईतला विजय ही परतफेड होती, आणि चषकावर हंगेरीचे नाव कोरले जाण्याची ती अकरावी वेळ.

जुन्या युरोपचे जुने रबर सांघिक स्पर्धेत तरले. त्याचे श्रेय त्या नऊ लढतींच्या रचनेला जाते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. फरक स्पष्ट करणारा दाखला त्याच स्पर्धेत सापडतो. महिलांच्या सांघिक कोर्बियाँ चषकात चार एकेरी आणि एक दुहेरी असे. दोन पक्क्या खेळाडू असल्या की भागे. शिझुकी नाराहारा आणि टोमी निशिमुरा या दोघींच्या बळावर जपानने तो चषक जिंकला आणि दुहेरीचा किताबही घेतला. पुरुष दुहेरीत फुजी आणि तादाकी हायाशी विजयी झाले. सातपैकी चार किताब टोकियोला गेले. रुमानियाच्या अँजेलिका रोझेआनुने महिला एकेरी राखली आणि शिदोसह मिश्र दुहेरीही जिंकली. तिघांचा चषक तेवढा जपानला पुरला नाही.

पण एका बॅटचे गुपित तीन हातांत जायला किती काळ लागणार? १९५३ मध्ये बुखारेस्टला इंग्लंडने हंगेरीला हरवून चषक घेतला. युरोपच्या वर्चस्वाचे ते शेवटचे दर्शन. १९५४ मध्ये जपानचा इचिरो ओगिमुरा स्पंज घेऊन लंडनला आला, एकेरीत जिंकला आणि स्वेथलिंग चषकही जपानने उचलला. सलग पाच स्पर्धांत तो जपानकडेच राहिला. खरा बदल मुंबईत झाला नव्हता. त्याची सूचना मात्र मुंबईत मिळाली होती. स्वतः सातोला पुन्हा कधी जगज्जेतेपद लाभले नाही. प्रतिस्पर्धी त्या शांत बॅटला सरावले, आणि अधिक ताकदीच्या हातांनी तीच बॅट त्याच्यापेक्षा सरस चालवली.

स्पंजवर बंदी घाला, अशी ओरड वर्षानुवर्षे चालली. अखेर १९५९ मध्ये महासंघाने मधला मार्ग काढला : नुसता स्पंज बाद, पण स्पंजवर रबराचा थर असेल आणि एकूण जाडी चार मिलिमीटरच्या आत असेल तर चालेल. आज शाळेच्या जिमखान्यात मिळणारी साधी बॅटसुद्धा त्या तडजोडीचीच वंशज आहे.

मुंबईच्या सांघिक स्पर्धेत जपानच्या जोडीने तिसऱ्या क्रमांकावर आणखी एक संघ होता, हाँगकाँगचा. त्याच्याकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्या संघात जियांग योंगनिंग आणि फू छीफांग होते. नव्या चीनला खेळाडू हवे होते. काही काळातच दोघेही मुख्य भूमीवर गेले. १९५७ मध्ये त्यांच्यामागे हाँगकाँगचाच रोंग ग्वोत्वान गेला आणि १९५९ मध्ये तो एकेरीत जिंकला. कोणत्याही खेळातील चीनचे ते पहिले जगज्जेतेपद. फू छीफांग प्रशिक्षक झाला. झुआंग झेदोंग त्याचाच शिष्य. १९६१ मध्ये बीजिंगला चीनने जपानकडून स्वेथलिंग चषक हिरावून घेतला, त्यामागे या माणसांचे परिश्रम होते.

मग सांस्कृतिक क्रांती आली. हाँगकाँगहून आलेली माणसे परकीयांची हेर असणार, असा संशय घेतला गेला. चौकश्या, जाहीर अपमान, मारहाण. एप्रिल ते जून १९६८ या तीन महिन्यांत फू छीफांग, जियांग योंगनिंग आणि रोंग ग्वोत्वान या तिघांनीही आपले जीवन संपवले. १९६७ आणि १९६९ च्या जागतिक स्पर्धांना चीन आलाच नाही. १९७१ मध्ये नागोयाला चिनी संघ परतला आणि तिथल्या भेटीगाठींतून अमेरिकेशी प्रसिद्ध ‘पिंगपाँग मुत्सद्देगिरी’ सुरू झाली. पुढे दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, चीनमध्ये त्या तिघांची नावे निर्दोष ठरवण्यात आली.

त्याच्या पुढच्याच वर्षी प्योंगयांगला हंगेरीने अंतिम फेरीत चीनला हरवून स्वेथलिंग चषक जिंकला. मुंबईनंतर तो तिच्या हाती येण्यास सत्तावीस वर्षे लागली होती, आणि त्या संघातील तिघांच्याही बॅटवर स्पंज होता.