परतीच्या हक्कापासून स्वतःच्या घरापर्यंत: त्रिनिदादची भारतीय कादंबरी

30 मे 1845 रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास भारतीयांना घेऊन कलकत्त्याहून त्रिनिदादला पोहोचले. गुलामगिरी उठल्यानंतर तिथल्या उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते. 1917 पर्यंत सुमारे 1,44,000 माणसे या बेटावर गेली. त्यांतली बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधली होती. पाच वर्षांच्या गिरमिटात, म्हणजे मजुरीच्या करारात, मळ्याबाहेर पाऊल टाकायचे तर परवाना लागे आणि कामावर न जाणे हा फौजदारी गुन्हा ठरे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1912 मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला, पण सरकारी मतांच्या जोरावर तो फेटाळला गेला.

दहा वर्षे बेटावर काढलेल्या मजुराला परतीच्या प्रवासाचा हक्क होता. 1869 पासून काही वर्षे वसाहत सरकारने या हक्काच्या बदल्यात जमीन देऊ केली. जमीन घेणाऱ्याची परतीची वाट त्या कागदावरच संपली. समुद्र ओलांडल्याने जात बाटली अशी समजूत असल्याने गावात पुन्हा सामावून घेतले जाईल याचीही खात्री नव्हती. एकाच जहाजातून आलेल्यांनी मग ‘जहाजी भाई’ हे नाते जोडले आणि ते रक्ताच्या नात्याइतके पाळले. भारत राहिला तो रामायणाच्या पोथीत, झेंड्यांच्या पूजेत आणि भोजपुरी गाण्यांत. हिंदू पद्धतीने लागलेल्या लग्नांना मात्र 1940 च्या दशकाच्या मध्यापर्यंत कायदेशीर मान्यता नव्हती, त्यामुळे तीन पिढ्यांची मुले सरकारदरबारी अनौरस ठरत राहिली.

या समाजाबद्दल आतल्या माणसाने लिहिलेली पहिली महत्त्वाची कथा सीपरसाद नायपॉल यांची. ते ‘त्रिनिदाद गार्डियन’चे वार्ताहर होते. 1943 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला निघालेल्या त्यांच्या छोट्या पुस्तकात गुरुदेव नावाचा गावगुंड लाठी चालवतो आणि बायकोला मारतो. पूर्वजांच्या देशाविषयी गहिवर या कथांत नाही. गाव जसे आहे तसे मांडण्याचे धैर्य आहे, आणि तोच वारसा त्यांचा मुलगा विद्याधर यांच्याकडे गेला.

विद्याधर नायपॉल 1950 मध्ये शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. 1961 मध्ये आलेल्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या त्यांच्या कादंबरीला वडिलांच्याच आयुष्याचा आधार आहे. पाट्या रंगवणारा मोहन बिस्वास तुळशी कुटुंबात घरजावयासारखा अडकतो. त्यांचे ‘हनुमान हाउस’ नायपॉल यांच्या आजोबांच्या चग्वानासमधल्या वाड्यावरून उभे राहिले आहे. तिथे भारत शिल्लक आहे, पण तो भिंतीआडचा आहे: पूजा आहे, मानपान आहे, मोठ्या सासूचा हुकूम आहे, आणि एका माणसाला स्वतःचे म्हणावे असे काही नाही. नाताळात बिस्वास मुलीसाठी बाहुलीघर आणतो. साऱ्या घराचा रोष ओढवल्यावर त्याची बायको शमा ते स्वतःच्या हाताने मोडते. विस्थापनावर शेकडो पाने लिहून जे कळणार नाही ते त्या मोडक्या फळ्यांत दिसते. शेवटी तो घर घेतो. दारे नीट लागत नाहीत, डोक्यावर कर्ज आहे, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी तो मरतो, पण स्वतःच्या छपराखाली. परतीचा हक्क सोडून जमीन घेणाऱ्या पिढीची भूक या कादंबरीइतकी प्रामाणिकपणे कुणीच लिहिलेली नाही.

सॅम सेल्वन यांनी वेगळी वाट धरली. ‘अ ब्रायटर सन’ (1952) मधला टायगर सोळाव्या वर्षी लग्न होऊन चग्वानासहून बॅराटारियाला येतो. शेजारी जो आणि रीटा हे कृष्णवर्णीय जोडपे राहते. अडीअडचणीला तेच धावून येतात, नात्यातली माणसे मात्र या शेजारावर नाराज होतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कर रस्ता बांधते, टायगर त्यावर काम करतो, वाचायला शिकतो, घर उभारतो. सेल्वन 1950 मध्ये लंडनला गेले. 1956 च्या ‘द लोनली लंडनर्स’मध्ये त्यांनी निवेदनालाही बेटावरची बोली दिली. लंडनच्या थंडीत खोली शोधणाऱ्या या माणसांना गोऱ्या घरमालकिणीच्या दारात एकच ओळख उरते, कॅरिबियन. त्रिनिदादमध्ये जपलेले भेद तिथे कुणी विचारत नाही.

हॅरॉल्ड सनी लाडू यांची ‘नो पेन लाइक धिस बॉडी’ ही कादंबरी 1972 मध्ये कॅनडात छापली गेली. काळ 1905 चा. पाऊस, भातशेती, दारुडा बाप आणि मुलांना वाचवू पाहणारी आई. या दारिद्र्यावर त्यांनी कसलेही पांघरूण घातले नाही.

बायकांची बाजू छापून यायला मात्र फार उशीर झाला. जहाजावर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका असाव्यात असा नियम होता आणि त्यांतल्या कित्येक एकट्याच निघाल्या होत्या. तरी लक्ष्मी परसाद यांची ‘बटरफ्लाय इन द विंड’ 1990 मध्ये आली आणि शनी मूटू यांची ‘सिरियस ब्लूम्स अ‍ॅट नाइट’ 1996 मध्ये. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ पेगी मोहन यांनी ‘जहाजिन’ (2007) या कादंबरीत एका अतिवृद्ध बाईच्या तोंडून तिच्या भोजपुरीतल्या आठवणी मांडल्या. तिथे समुद्रप्रवासाची हकीकत अखेर जहाजातून आलेल्या बाईच्या बाजूने सांगितली जाते.