औषधनिर्माता आणि मधुमेहातील हृद्रोग : नाशिकच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

मधुमेही रोग्याच्या जीवितास असलेला मोठा धोका हृदयाचा व रक्तवाहिन्यांचा आहे, ही गोष्ट वैद्यकाच्या ध्यानी उशिरा आली. १९२२ मध्ये इन्शुलिनचा उपचार सुरू होण्यापूर्वी अनेक तरुण रोगी मूर्च्छावस्थेत दगावत. पुढे त्यांचे आयुर्मान वाढले आणि हृद्रोगाचे स्वरूप दिसू लागले. टॉल्ब्युटामाइड घेणाऱ्या रोग्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळतात, असा निष्कर्ष अमेरिकेतील एका चाचणीने १९७० मध्ये प्रसिद्ध केला. त्यावर दीर्घकाळ वाद झाला. तथापि साखर उतरली म्हणजे हृदय सुरक्षित झाले, हा समज त्यामुळे डळमळला. डेन्मार्कमधील स्टेनो-२ या १६० रोग्यांच्या चाचणीने २००३ मध्ये त्याची दुसरी बाजू पुढे आणली. साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांवर एकाच वेळी कसोशीने उपचार केल्यास हृदय व रक्तवाहिन्यांचे उपद्रव सुमारे निम्म्याने घटतात, असे तीत आढळले.

या उपचाराचा अर्थ असा की, रोग्याने अनेक औषधे वर्षानुवर्षे नियमाने घ्यावयाची. रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी बंद केल्यास तत्काळ काही जाणवत नाही. म्हणूनच ती सहज सुटते. सांधेदुखीसाठी परस्पर घेतलेली वेदनाशामके रक्तदाब वाढवितात व मूत्रपिंडास अपाय करू शकतात. या दोन्ही गोष्टी प्रथम कळण्याचा संभव असतो तो दर महिन्यास औषध देणाऱ्या औषधनिर्मात्यास.

परंतु भारतात या व्यवसायाची घडण निराळ्या हेतूने झाली. बनावट व निकृष्ट औषधांचा सुळसुळाट झाल्याने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींमागोमाग १९४० चा औषधविषयक कायदा व १९४८ चा फार्मसी कायदा अस्तित्वात आले. कंपाउंडरच्या जागी नोंदणीकृत औषधनिर्माता आला. औषध शुद्ध असावे व ते अधिकृत हाताने दिले जावे, ही या कायद्यांमागील मुख्य चिंता होती. ती रास्तच होती. मात्र औषध घरी नेल्यानंतर रोग्याचे काय होते, हा प्रश्न तीत गौण राहिला.

शिक्षणव्यवस्थेतही हीच दृष्टी टिकून राहिली. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली व त्याचे मुख्यालय नाशिक येथे आले. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या हे अभ्यासक्रम त्याच्या कक्षेत आले. औषधनिर्माणशास्त्राची पदवी व पदविका मात्र आली नाही. नाशिकमधील पदवी महाविद्यालये प्रामुख्याने पुणे विद्यापीठाशी संलग्न राहिली, तर पदविका तंत्रशिक्षण मंडळाकडे राहिली. अशा रीतीने आरोग्यविज्ञानाचे विद्यापीठ असलेल्या शहरातच भावी औषधनिर्माता व भावी डॉक्टर वेगवेगळ्या छत्रांखाली शिकू लागले. पुढे एकाच रोग्याविषयी त्यांनी परस्परांशी बोलावे, अशी सवय या व्यवस्थेतून आपोआप लागणे कठीण होते.

परिवर्तनाची चिन्हे त्यानंतर दिसतात. २००८ मध्ये रुग्णाभिमुख असा ‘फार्म. डी.’ अभ्यासक्रम सुरू झाला. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी औषधाची मात्रा, संभाव्य दुष्परिणाम व मात्रा चुकल्यास काय करावे, याविषयी रोग्याचे समुपदेशन करणे हे औषधनिर्मात्याचे काम ठरविले. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात ५६ औषधालयांत ७२३ रोग्यांवर झालेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधनिर्मात्याच्या देखरेखीखालील रोग्यांचा हृद्रोगाचा अनुमानित धोका तीन महिन्यांत, नेहमीच्या उपचाराच्या तुलनेने, २१ टक्क्यांनी घटला. तेथील औषधनिर्मात्यांना तपासण्या सांगण्याचा व औषधे लिहून देण्याचा अधिकार आहे, हे मात्र विसरून चालणार नाही. भारतात तसा अधिकार नाही. म्हणून तेथील आकडा येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही.

तरीही गोळ्या संपूनही न आलेल्या रोग्याची विचारपूस करणे, वेदनाशामके मागणाऱ्यास सावध करून डॉक्टरकडे पाठविणे, यांसाठी नव्या अधिकाराची गरज नाही. १९४८ च्या कायद्याने औषधनिर्मात्यास औषधाचा रक्षक केले. रोग्याचा रक्षक होण्याची वाट २०१५ च्या विनियमांनी खुली केली आहे. ती वाट रुळण्यासाठी शिक्षणातील ही फारकत प्रथम दूर व्हावयास हवी.