मेळ आणि खाडाखोड

हिशेबाचा इतिहास म्हणजे पैशाचा इतिहास, असं आपण धरून चालतो. मला तो साक्षीपुराव्याचा इतिहास वाटतो. आज त्याचा एक छोटा धागा पाहू.

१४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूचा गणितावरचा ग्रंथ छापला गेला. त्यातल्या एका भागात त्याने तिथल्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत लिहून काढली. ती त्याने शोधलेली नव्हती. बाजारात ती चालूच होती. पण एक प्रकरण त्याने खास चुकांसाठी दिलं. रक्कम भलत्या जागी पडली, तर उलट बाजूला नोंद करून ती फेडायची. म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही.

आपल्याकडे पेशवे दफ्तरात रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद आहेत. बाजारात रोजमेळ होता. पण दुकानदाराचा मेळ बसायचा तो आपल्याच गल्ल्याशी. १८४० मध्ये बँक ऑफ बॉम्बे आली, १८८१ च्या कायद्याने चेकची व्याख्या केली, आणि हळूहळू व्यापाऱ्याच्या पैशाची दुसरी वही परक्याच्या हाती गेली. आपण भरलेली रक्कम आपल्या वहीत नावे, बँकेच्या वहीत जमा. घटना एकच, साक्षीदार दोन.

आता समजा, एका दुकानाच्या वहीत ३१ मार्चला बँकेतली शिल्लक ४२,३०० रुपये आहे आणि पासबुकात ४९,०२०. फरक ६,७२०. घाबरायचं कारण नाही. दिलेला ९,००० चा एक चेक अजून वटलेला नाही. भरलेला २,५०० चा एक चेक अजून जमा झालेला नाही. ही चूक नव्हे, हा काळाचा फरक. याची वहीत दुरुस्ती करायची नसते, फक्त जुळवणी पत्रकात दाखवायचं असतं. एवढं केलं की पासबुकाची शिल्लक ४२,५२० ठरते. राहिले २२० रुपये.

इथे खरी परीक्षा आहे. "एवढ्याशा रकमेसाठी कुठे डोकं खाजवायचं?" म्हणून मुनीम ती उचंत खात्यात ढकलतो. मेळ बसतो. पण २२० ही एक चूक नाहीच! बँकेने १४० रुपये शुल्क कापलं, ते वहीत आलेलं नाही. ते लिहिलं की फरक कमी होण्याऐवजी वाढतो, ३६० होतो. ३६० ला ९ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे अंकांची अदलाबदल झाली असावी असा संशय घ्यायचा. शोधल्यावर सापडतं : गिऱ्हाइकाचा ५,७३० चा चेक ५,३७० असा लिहिलेला. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. उचंतात टाकलं असतं, तर पैसे चुकते केलेल्या गिऱ्हाइकाकडे ३६० रुपयांची बाकी दिसत राहिली असती आणि उद्या कुणी जाऊन त्याच्याकडे तगादा लावला असता.

म्हणून मी म्हणतो, मेळ बसणं म्हणजे सत्य नव्हे. फरक का पडला हे सांगता येणं महत्त्वाचं. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं झालं आहे. एकट्याच्या मालकीच्या छोट्या दुकानाला हा नियम लागू नाही. तिथे खाडाखोड न करण्याची जबाबदारी अजून लिहिणाऱ्याच्याच हातात आहे.