पाण्यामागून आलेला विरंगुळा

छत्रपती संभाजीनगरात फिरायच्या जागा कुठे असाव्यात, हे आधी पाण्याने ठरवले. मलिक अंबरने 1610 मध्ये याच जागी खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींनी गावात आणले. पुढे हौद आणि बागा त्याच पाण्यावर फुलल्या. पाणचक्कीच पाहा. डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेले पाणी उंच भिंतीवर चढते, तिथून खाली हौदात कोसळते. त्याच्या जोरावर जाते फिरे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ निघे. हौदाच्या तळाखाली दालन आहे, भर उन्हाळ्यातही गार. पर्यटनासाठी म्हणून यातले काहीच बांधलेले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, बीबी का मकबऱ्याची चारबाग तर शाही, सामान्यांसाठी कुठे होती? खरे आहे, पण तिची कारंजीही पाण्यावाचून शोभली नसती. शिवाय पाणचक्की दर्ग्याची होती, दरबाराची नव्हे.

आजचे पर्यटनाचे नियोजन पाण्यापासून नव्हे, वाहनापासून सुरू होते. अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूर फाट्यावर थांबतात, पुढे बसने जायचे. धूर लेण्यांपासून दूर राहतो, म्हणून मला ते पटते. शहरात मात्र गाड्यांची सोय लावताना नहरींकडे दुर्लक्ष झाले. वाहनतळ कुठेही हलवता येतो. उतारावर बेतलेली नहर एकदा फुटली की तिच्यावरचे हौद कोरडे पडतात.