ऋतुकाल व अंडमोचन-निदान
मासिक पाळीच्या चक्रात ज्या दिवसांत गर्भधारणा होऊ शकते, त्या अवधीस ऋतुकाल म्हणतात. अंडकोशातील पक्व अंड बाहेर पडण्याच्या क्रियेस अंडमोचन अशी संज्ञा आहे. बाहेर पडलेले अंड सु. १२ ते २४ तासच फलनक्षम राहते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या जननमार्गात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे अंडमोचनाचा दिवस व त्याआधीचे पाच दिवस एवढाच काळ गर्भधारणेस अनुकूल असतो. हा काळ नेमका कोणता, या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकापूर्वी कोणासही निश्चित देता आले नव्हते. व्यवहारात मात्र त्याची गणना फार पूर्वीपासून होत आली.

भारतीय परंपरेत रजोदर्शनापासून दिवस मोजले जात. मनुस्मृतीत ऋतुकाल सोळा रात्रींचा सांगितला असून त्यांपैकी पहिल्या चार, अकरावी व तेरावी या रात्री वर्ज्य मानल्या आहेत. सुश्रुतसंहितेत हा काळ बारा रात्रींचा असून, दिवस मावळताच कमळ मिटावे त्याप्रमाणे तो संपताच गर्भग्रहण थांबते, अशी उपमा दिली आहे. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात अंडमोचन चौदाव्या दिवसाच्या सुमारास होत असल्याने ही गणना बऱ्याच स्त्रियांच्या बाबतीत जुळते. पस्तीस दिवसांच्या चक्रात मात्र ते एकविसाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे सोळा रात्री उलटून गेल्यावर होते. सम रात्री पुत्र व विषम रात्री कन्या हा समज तर निखालस निराधार आहे. महाराष्ट्रात ‘बाहेर बसण्या’चे दिवस घराघरांत काटेकोरपणे मोजले जात; पण ती मोजणी विटाळासाठी होती, शरीरज्ञानासाठी नव्हे.

या गणनेला कायद्याच्या वादाचेही स्वरूप आले. संमतिवयाचे विधेयक मांडले गेले, तेव्हा पहिल्या ऋतूतच गर्भाधान संस्कार झाला पाहिजे, असा सनातनी पक्षाचा आग्रह होता. सरकारने धर्माचारात हात घालू नये, या भूमिकेवरून बाळ गंगाधर टिळक यांनी विधेयकास विरोध केला. तर असे बंधन शास्त्रात नाही, हे रा. गो. भांडारकर यांनी धर्मग्रंथांच्याच आधारे प्रतिपादिले. १८९१ मध्ये संमतीचे वय दहावरून बारा वर्षे करण्यात आले. न्हाण आलेल्या मुलीचे शरीर प्रसूतीस समर्थ झालेले असतेच असे नाही, ही वैद्यकीय वस्तुस्थिती त्या वादात धर्मवचनांच्या गर्दीत पुष्कळ वेळा मागे पडली.

यूरोपातील स्थिती याहून बरी नव्हती. सस्तन प्राण्यांचे अंड बेअर यांनी १८२७ मध्ये शोधले. पण प्राण्यांच्या माजावरून अनुमान करून बिशोफ प्रभृतींनी मासिक स्राव व अंडमोचन एकाच वेळी होतात असे मानले. परिणामी चक्राचा मध्य हा ‘सुरक्षित काळ’ म्हणून सांगितला जाऊ लागला. हा सल्ला वस्तुस्थितीच्या अगदी उलट होता आणि त्यावर विसंबलेल्या जोडप्यांना त्याचे फळ भोगावे लागले.

कोकणातील मुरूड येथे जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हाही हा गोंधळ मिटलेला नव्हता. जपानचे क्यूसाकू ओगिनो यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी अंडकोशांचे निरीक्षण करून १९२४ मध्ये आपला निष्कर्ष मांडला : अंडमोचन पुढील पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी होते. ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस हे त्याच दशकात स्वतंत्रपणे तशाच निर्णयाप्रत आले. या शोधाने मोजणीची दिशाच उलटली. चक्राचा उत्तरार्ध बराचसा स्थिर असतो, लांबते वा आखडते ते पूर्वार्धात. म्हणून गेल्या पाळीपासून पुढे नव्हे, तर येणाऱ्या पाळीपासून मागे मोजावे लागते. आणि येणारी पाळी तर अजून आलेली नसते! पंचांगपद्धतीची खरी अडचण हीच आहे. यासाठी मागील अनेक चक्रांपैकी सर्वांत लहान चक्रातून १८ व सर्वांत मोठ्या चक्रातून ११ वजा करतात. चक्रे २६ ते ३२ दिवसांची असल्यास आठवा ते एकविसावा दिवस, म्हणजे तब्बल चौदा दिवस, जननक्षम धरावे लागतात.

डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्यास आल्या असता महात्मा गांधींनी कृत्रिम साधनांना ठाम विरोध केला. सुरक्षित काळाच्या पद्धतीत निदान काही दिवसांचा संयम असल्याने ती त्यांना इतकी त्याज्य वाटली नाही. या विचारसरणीचा प्रभाव स्वातंत्र्यानंतरच्या धोरणावरही दिसतो. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने अब्राहम स्टोन यांच्या मार्गदर्शनाखाली दिल्लीतील लोदी वसाहत व म्हैसूर राज्यातील रामनगरम् येथे या पद्धतीचे प्रयोग झाले. निरक्षर स्त्रियांसाठी रंगीत मण्यांच्या माळा तयार करण्यात आल्या. रोज एक मणी सरकवावयाचा. अंधारात रंग ओळखू येत नसत, मणी उलट बाजूस सरकत. तथापि दोष केवळ माळेचा नव्हता. अनियमित चक्रास एकच माळ लागू पडत नाही, आणि वर्ज्य दिवशी पतीस नकार देण्याची मुभा किती स्त्रियांना होती, हा प्रश्न माळेने सुटण्यासारखा नव्हता. ही पद्धत टिकवून धरणारी जोडपी थोडीच निघाली.

दिवस मोजण्याऐवजी शरीराची लक्षणे पाहण्याच्या पद्धती अधिक भरवशाच्या ठरल्या. अंडमोचनानंतर पीतपिंडातून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनामुळे सकाळचे शारीरिक तापमान सु. ०·२ ते ०·५ से.ने वाढते, मात्र ही खूण अंडमोचन होऊन गेल्याची असते. त्यापूर्वी गर्भाशयग्रीवेचा श्लेष्मा पातळ, पारदर्शक व ताणला जाणारा होतो. ऑस्ट्रेलियातील बिलिंग्ज दांपत्याने या लक्षणावर आपली पद्धती आधारली. जागतिक आरोग्य संघटनेने बंगलोरसह पाच केंद्रांत केलेल्या पाहणीत बहुसंख्य स्त्रियांना, निरक्षर स्त्रियांनाही, हे लक्षण ओळखता आले.

पोष ग्रंथीतून येणाऱ्या ल्यूटिनायझिंग हॉर्मोनाची लाट सुरू झाल्यापासून सु. ३६ तासांत अंडमोचन होते. या ज्ञानाचा उपयोग अपत्यहीनतेच्या उपचारांत झाला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात इंदिरा हिंदुजा व प्रजनन संशोधन संस्थेचे टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी बाह्यफलनातून बालिका जन्मली. या तंत्रात अंड सुटण्याआधीच मिळवावे लागत असल्याने दिवसांऐवजी तासांचा हिशेब ठेवावा लागतो. हीच लाट दाखविणाऱ्या मूत्रपरीक्षणाच्या पट्ट्या आता औषधाच्या दुकानात मिळतात. बहुपुटक अंडकोश विकारात हे हॉर्मोन एरवीही वाढलेले असू शकते व पट्टी फसवते. अंडमोचन नियमित असूनही वर्षभरात गर्भ राहिला नाही, तर पतीच्या वीर्याची तपासणी प्रारंभीच करतात. पूर्वी अशा घरात वांझपणाचा ठपका, कसलीही तपासणी न होता, स्त्रीवर येत असे.