एव्हरेस्टवरची पहिली विमानफेरी

काठमांडूहून लहान विमानात बसून तासाभरात हिमशिखरे पाहून परत येता येते. मात्र एव्हरेस्टवरून पहिल्यांदा विमान नेणे ही साधी गोष्ट नव्हती.

३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधील पूर्णियाजवळच्या लालबालू येथून दोन वेस्टलँड विमाने निघाली. प्रत्येकाला पंखांच्या दोन जोड्या, एक इंजिन आणि आत दोन माणसे. एकात क्लाइड्सडेल व ब्लॅकर, दुसऱ्यात मॅकिन्टायर व छायाचित्रकार बॉनेट. खर्चाचा मोठा भार लेडी ह्यूस्टन यांनी उचलला होता.

एव्हरेस्टच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. म्हणजे माणूस आणि इंजिन दोघांनाही प्राणवायू कमी पडणार. म्हणून पेगॅसस इंजिनाला हवा दाबून भरणारा पंखा होता. माणसांसाठी प्राणवायूच्या नळ्या आणि विजेवर तापणारे कपडे होते. बॉनेटची नळी वाटेत फुटली. त्याने तिला रुमाल बांधला, तरी तो बेशुद्ध पडला. विमान खाली उतरू लागल्यावर शुद्धीवर आला.

दुसरा धोका वाऱ्याचा. डोंगर ओलांडलेला वारा आडोशाच्या बाजूला खाली कोसळतो. ओढ्यातल्या मोठ्या दगडावरून पलीकडे पडणारे पाणी मुलांना दाखवले, तर हे सहज कळेल. शिखराजवळ अशाच प्रवाहाने विमानांना शेकडो मीटर खाली ओढले. तरीही दोन्ही विमाने शिखरावरून गेली आणि सुमारे तीन तासांत परतली.

पण मुख्य काम फसले होते. नकाशासाठी सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने सलग छायाचित्रे घ्यायची होती. धुळीच्या थराने पायथ्याच्या ओळखीच्या खुणा झाकल्या. त्या नसतील तर छायाचित्रांवरून अंतरे कशी मोजणार? लंडनहून पुन्हा उडण्यास मनाई झाली. ती न जुमानता १९ एप्रिलला हे पथक पुन्हा गेले आणि हवी ती छायाचित्रे घेऊन आले.

या छायाचित्रांचे मोल पुढे कळले. १९५० नंतर तिबेटची वाट बंद झाली. तेव्हा मायकेल वॉर्ड या तरुण डॉक्टरने लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रे तपासली. त्यांत १९३३ ची छायाचित्रेही होती. नेपाळच्या बाजूने वाट असावी, असे त्याला दिसले. १९५१ मध्ये पाहणी पथक तिकडे गेले आणि १९५३ मध्ये तेनसिंग व हिलरी त्याच बाजूने शिखरावर पोहोचले.